सारखं काय, वेगळं काय: दीड ते सात वर्षांच्या मुलांना वर्गीकरण शिकवताना

सव्वा-दीड वर्षाचं मूल गाय दिसली की ‘भूभू’ म्हणतं आणि म्हैस दिसली तरी ‘भूभू’च म्हणतं. घरातली माणसं हसतात, दुरुस्त करतात. पण त्या मुलाने केवढं काम केलेलं असतं! चार पाय, शेपूट, अंगावर केस, स्वतःहून चालणारं, एवढं सगळं हेरून त्याने एक गट पाडला आणि जवळ होतं ते एकुलतं एक नाव त्या गटाला देऊन टाकलं. म्हणजे वर्गीकरण शून्यापासून शिकवायचं नसतं, ते सुरूच असतं. डोक्यात चाललेलं हे काम मुलाला हाताने करता यावं, मग तोंडाने सांगता यावं आणि शेवटी केलेली मांडणी मोडून दुसऱ्या तऱ्हेने लावता यावी, एवढी सोय आपण करायची.

यातली मोडून लावण्याची पायरी सगळ्यात अवघड, आणि बहुतेक घरांत नि बालवाड्यांत तिथवर कुणी पोचतच नाही. लाल ठोकळे लाल डब्यात, निळे ठोकळे निळ्या डब्यात, टाळ्या, खेळ संपला. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्या भराभर उरकल्या आहेत आणि पुढच्या पायऱ्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

सामान कुठलं घ्यावं

विकतचा सेट आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया अशा आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. आज साधनं विकत घेण्याइतके पैसे असले तरी हाच मार्ग बरा वाटतो. दुकानातल्या प्लास्टिकच्या सेटमध्ये रंग आणि आकार सोडले तर फारसं काही वेगळं नसतं. उलट चिंचोका आणि सागरगोटा शेजारी ठेवले की रंग, चकाकी, वजन, आकार, आवाज, सगळंच वेगळं निघतं.

घरात सहज सापडणाऱ्या आणि या कामाला फार उपयोगी पडणाऱ्या दोन वस्तू म्हणजे कपडे वाळत घालायचे चिमटे आणि पत्त्यांचा कॅट. चिमटे एकाच आकाराचे आणि वेगवेगळ्या रंगांचे असतात, त्यामुळे नवख्या मुलाचा गोंधळ होत नाही. पत्त्यांचं कौतुक पुढे येईलच.

आता काळजीचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांमधले बारीक तुकडे तपासायला जे नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३.१७ सेंटिमीटर असतो. त्यात पूर्ण मावेल अशी कुठलीही वस्तू या वयात हातात द्यायची नाही. अंदाजासाठी दहा रुपयांचं नाणं बघा. ते २.७ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे त्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा घशात अडकू शकते. पाण्याच्या बाटलीचं झाकण याच मापात बसतं. राजमा, चणे, वाटाणे तीन वर्षांनंतरच द्यावेत आणि तेही समोर बसून, कारण मुलं ते नाकात घालतात आणि ओलाव्याने दाणा फुगतो. रिमोटमधला चपटा गोल सेल तर खेळात कधीच नको. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो.

बियांमध्ये गुंज आणि एरंड कटाक्षाने टाळा. लाल अंगावर काळा ठिपका असलेली गुंज वर्गीकरणासाठी इतकी देखणी दिसते की शाळेच्या साहित्यपेटीतही कधीकधी सापडते. पण ती विषारी आहे. चावून फुटलेली बी पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

जोडी लावणं (दीड ते अडीच वर्षं)

इथे गट नसतात, जोड्या असतात. धुतलेले मोजे समोर टाका, एक उचला आणि म्हणा, “याच्यासारखा कुठे आहे?” सुरुवातीला तीन जोड्या पुरेत. नंतर डबे आणि त्यांची झाकणं, दोन-दोन सारखे चमचे, दोन-दोन सारख्या वाट्या. रंगाचं नाव विचारू नका. या वयात पुष्कळ मुलं रंग बरोबर जुळवतात, पण नाव चुकवतात. “हा कुठला रंग?” असं मध्येच विचारलं की जुळवणं राहतं बाजूला आणि तोंडी परीक्षा सुरू होते.

“हे याच्यासारखं आहे” आणि “हे वेगळं आहे” ही दोन वाक्यं मात्र दिवसातून कितीही वेळा कानावर पडू द्या.

एका गुणावरून गट (अडीच ते साडेतीन वर्षं)

सहा ते आठ वस्तू आणि दोन ताटल्या. वस्तूंमध्ये एकच गुण वेगळा असावा, हा इथला महत्त्वाचा नियम. लाल चिमटे आणि पिवळे चिमटे चालतील. लाल चेंडू आणि पिवळे चमचे चालणार नाहीत, कारण मुलाने ते वेगळे ठेवले तर रंगावरून ठेवले की वस्तूवरून, हे ना तुम्हाला कळतं ना त्याला.

सुरुवात तुम्ही करा, बोलू नका. एक लाल चिमटा या ताटलीत, एक पिवळा त्या ताटलीत, पुन्हा एक लाल. मग पुढचा चिमटा मुलाच्या हातात द्या आणि थांबा. तुम्ही थांबलात की ते बघेल, चाचपेल, कुठेतरी टाकेल. चुकीच्या ताटलीत पडला तर उचलून दुसरीकडे ठेवू नका. सगळं संपल्यावर दोन्ही ताटल्या पुढ्यात घेऊन नुसतं म्हणा, “बघू या हं, सगळे सारखे आहेत का.” बऱ्याचदा मूल स्वतःच हात घालून बदलतं.

रंगानंतर आकारमान (मोठ्या वाट्या, छोट्या वाट्या), मग आकार, मग स्पर्श. स्पर्शासाठी कापडी पिशवीत वस्तू घालून हाताने ओळखू द्या. नारळाची करवंटी, स्टीलचा पेला, घासणी, रुमाल. गुळगुळीत एका बाजूला, खरखरीत दुसऱ्या बाजूला. आवाजासाठी सारख्याच डब्या घ्या, काहींत तांदूळ, काहींत चिंचोके, आणि झाकणं चिकटपट्टीने पक्की बंद करा. वासासाठी पानं: तुळस, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा ही वासाची, आणि आंब्या-पिंपळाची पडलेली पानं जवळपास बिनवासाची. पानं गोळा करताना रुई मात्र तोडू देऊ नका, तिचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

पाच-सात मिनिटांत मूल उठून गेलं तर जाऊ द्या. या वयात तेवढा वेळ भरपूर झाला.

“का बरं?” (तीन वर्षांपासून पुढे कायम)

इथे जरा थांबायला हवं, कारण मोठ्यांचा हात इथेच सगळ्यात जास्त शिवशिवतो.

समजा समोर पोळपाट, लाटणं, कणकेचा डबा, चहाचा कप, गाळणं आणि साखरेचा डबा आहे. तुम्हाला अपेक्षा आहे की डबे एकत्र येतील. मूल पोळपाट, लाटणं आणि कणकेचा डबा एकीकडे ठेवतं. कप, गाळणं आणि साखर दुसरीकडे. विचारलं, “हे एकत्र का बरं ठेवलंस?” तर म्हणतं, “आजी पोळ्या करते ना!” हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. त्याने ‘काय आहे’ यापेक्षा ‘कशासोबत लागतं’ हे पाहिलं.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. तिथल्या शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चित्रं दाखवली आणि विचारलं, यातलं कुठलं बाकीच्यांत बसत नाही? शेतकरी म्हणाले, सगळीच एकमेकांची आहेत, ओंडका नसेल तर करवतीने कापणार काय? थोडंफार शिकलेल्यांनी मात्र झटकन तीन हत्यारं वेगळी काढली. हे शेतकरी बुद्धीने कमी नव्हते, ते कामाच्या जगात विचार करत होते. तीन-चार वर्षांचं मूलही तिथेच राहतं. ‘हत्यारं’, ‘भांडी’, ‘फळं’ अशा नावांचे गट ही पुढे शाळेत लागणारी सवय आहे आणि ती लावायचीच आहे, पण पोळ्यांचा गट चुकीचा ठरवून नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कारण विचारा आणि ऐकून घ्या. मग ते कारण तुमच्या शब्दांत परत सांगा: “अच्छा, पोळ्या करताना लागणारं सगळं इथे.” मग, जमलं तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, आपली एक मांडणी करून दाखवा आणि मुलाला ओळखायला लावा: “आता मी लावते, तू सांग मी काय पाहिलं.” लाकडाच्या वस्तू एकीकडे, स्टीलच्या दुसरीकडे. दुसऱ्याच्या मनातला नियम शोधण्यात मुलांना विलक्षण मजा येते आणि शिकवल्यासारखंही वाटत नाही. अंगणवाडीत पंचवीस मुलं असतील तर हाच खेळ दाराशी काढलेल्या चपलांवर खेळा. बंदाच्या, बिनबंदाच्या, बूट, रबरी. साहित्याचा खर्च शून्य.

मुलांनाच गटात उभं करण्याचा खेळही रंगतो. “ज्यांच्या अंगावर पिवळं आहे त्यांनी खिडकीपाशी या.” पण गुण निवडताना जपा. अंगाचा रंग, उंची, डब्यात कुणी काय आणलंय, चप्पल कुणाला आहे नि कुणाला नाही, असल्या गुणांवर मुलं वेगळी काढायची नाहीत.

कारण सांगताच आलं नाही तर? “असंच” हे उत्तरही स्वीकारा आणि पर्याय द्या: “रंग बघून ठेवलंस की मोठं-छोटं बघून?” एवढा आधार पुरतो.

नियम बदलणं (साडेतीन ते पाच वर्षं)

कॅटमधून लहान आकड्यांचे दहा-बारा पत्ते काढा: बदाम, चौकट, इस्पिक आणि किलवर यांची दुरी, तिरी, चौकी. आधी रंगावरून लावायला सांगा, लाल इकडे, काळे तिकडे. जमतं. आता तेच पत्ते गोळा करून म्हणा, “आता रंग नाही बघायचा, आकडा बघायचा. दुऱ्या इथे, तिऱ्या इथे, चौक्या इथे.”

साडेतीन वर्षांचं मूल पुन्हा लाल-काळंच लावत बसेल, अशी दाट शक्यता. नियम काय आहे असं विचारा, ते बरोबर सांगेल, “आकडा बघायचा.” आणि सांगून झाल्यावर बदामची तिरी लाल ढिगावरच ठेवेल. हा हट्ट नाही आणि दुर्लक्षही नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात रंगीत चित्रांच्या कार्डांवर असाच खेळ घेऊन मुलं तपासली, आधी रंगावरून आणि मग आकारावरून. तीन वर्षांची बहुतेक मुलं पहिल्या नियमालाच चिकटून राहिली, नवा नियम तोंडपाठ असूनही. चार-पाचच्या सुमारास बहुतेकांना बदल जमू लागतो. डोक्याला कळलेलं असतं, पण आधीची सवय दाबून नव्याने हात हलवण्याची ताकद अजून येत असते. रागावून ती लवकर येत नाही.

तोवर काही गोष्टींनी मदत होते. पहिली मांडणी पूर्ण मोडा, ढीग डोळ्यांसमोर राहू देऊ नका. ताटल्या बदला किंवा जागा बदला, आधी चटईवर बसला होता तर आता पाटावर मांडा. प्रत्येक पत्ता उचलताना त्याचा नवा गुण मुलालाच मोठ्याने म्हणू द्या: “ही तिरी.” आणि सुरुवातीला नियमांत फार अंतर ठेवा, रंगावरून आकड्यावर जाण्याआधी ‘चित्राचे पत्ते आणि बिनचित्राचे पत्ते’ असा ठसठशीत फरक घ्या. राजा, राणी, गुलाम पटकन ओळखू येतात.

एकदा जमलं की मागणी वाढवा: “याच पत्त्यांचे अजून कसे गट होतील?” दोन तऱ्हा सापडल्या तर छान, तिसरी सापडली तर घरात सांगत सुटण्याइतकी मोठी गोष्ट. बटणांवर (चार वर्षांनंतर) हाच खेळ आणखी लांबतो, कारण भोकं दोन की चार हा गुण मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

‘नसलेला’ गटही इथेच आणा. ‘लाल’ आणि ‘लाल नसलेले’. दुसऱ्या ढिगात हिरवं, पिवळं, निळं सगळं एकत्र पडतं, आणि त्यांच्यात सारखं काहीच नाही तरी तो गट होतो, हे मुलांना आधी पटत नाही.

दोन रिंगणं (पाच वर्षांपासून)

भाजी आणल्यावर ती फ्रिजमध्ये जायच्या आधी दहा मिनिटं काढा. जमिनीवर खडूने दोन मोठी वर्तुळं काढा, एकमेकांत थोडी शिरलेली. एक ‘हिरव्या’चं, एक ‘लांब’चं. कोबी, ढोबळी मिरची हिरव्यात. गाजर, मुळा लांबमध्ये. मग भेंडी हातात द्या.

मूल आधी भेंडी हिरव्यात ठेवतं, मग उचलून लांबमध्ये ठेवतं, मग तुमच्याकडे बघतं. मधल्या जागेकडे बोट दाखवायची घाई करू नका. “दोन्हीकडे हवी आहे का? मग कुठे ठेवली तर ती दोन्हीकडे राहील?” मिरची आणि घेवडा आला की ते आपलं आपण मध्ये जाऊ लागतं. आणि टोमॅटो? तो दोन्ही वर्तुळांच्या बाहेर. ‘कशातच नाही’ यालाही जागा असते हे डोळ्यांना दिसायला हवं. मुळ्याला पाला असेल तर वाद होईल, होऊ द्या. पानं हिरवी आणि कंद पांढरा, मग मुळा कुठला? याचं एक ठरलेलं उत्तर नाही, ज्याने ठेवला त्याने कारण द्यायचं.

गटाच्या पोटातला गट (सहा-सात वर्षं)

सहा बदामाचे पत्ते आणि दोन चौकटचे घ्या. “हे सगळे कुठल्या रंगाचे?” लाल. “बदाम जास्त आहेत की लाल पत्ते जास्त आहेत?” सहा वर्षांचं मूल बहुतेक वेळा ठामपणे म्हणेल, “बदाम.” ते मनातल्या मनात बदामाची तुलना चौकटशी करतं, कारण बदाम एकदा वेगळे काढले की ‘सगळे लाल’ हा गट त्याच्या लेखी उरत नाही. स्विस संशोधक ज्याँ पियाजे यांनी फुलं आणि मणी घेऊन हाच प्रश्न मुलांना विचारला होता. उत्तर बरोबर येणं साधारण सात-आठच्या आसपास सुरू होतं.

हे घोकून घेण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी मोठ्या गटाला हात लावता येईल अशी सोय करा. झेंडू आणि शेवंतीची फुलं घ्या, झेंडूभोवती एक दोरी, शेवंतीभोवती दुसरी आणि सगळ्यांभोवती तिसरी मोठी दोरी. “मोठ्या दोरीत किती? छोट्या दोरीत किती?” मोजून झाल्यावर तोच प्रश्न परत विचारा. आज नाही आलं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

बोलण्यातूनही हे मुरतं. “भाजीत पालेभाजी, पालेभाजीत मेथी.” वटवाघूळ उडतं तरी पक्षी नाही, कारण ते पिल्लांना दूध पाजतं, हे ऐकून सात वर्षांची मुलं हरखतात.

घरातली कामं

खेळ म्हणून वेगळा वेळ काढता आला नाही तरी चालेल. घासलेले चमचे, डाव, उलथनी जागच्या जागी लावणं, वाळलेल्या कपड्यांचे माणसागणिक ढीग करणं, घंटागाडी यायच्या आधी ओला-सुका कचरा बघणं. कचऱ्यात तर न बसणाऱ्या वस्तू रोज भेटतात. दुधाची पिशवी प्लास्टिकची, पण आत दूध लागलेलं. मग ती धुऊन, वाळवून सुक्यात टाकायची.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ताट वाढायला घ्या. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी. काही दिवसांनी विचारा, डावीकडचं सगळं सारखं कशात? थोडं-थोडं वाढायचं, तोंडी लावायचं, हे मूल स्वतःच शोधून काढतं. मग फ्रिजमधलं काहीतरी नवीन काढा, शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा नव्हे, तर सॉसची बाटली, आणि विचारा, “हा कुठल्या बाजूला?”

मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी, विशेषतः परदेशात वाढणाऱ्यांसाठी, आणखी एक खेळ: तीन ताटल्या, ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’. तो चमचा, तो झारा, तो तवा. ती वाटी, ती पळी, ती परात. ते ताट, ते झाकण, ते सूप. इथे डोळ्यांना दिसणारा कुठलाच गुण कामाचा नाही, वस्तू हातात घेऊन वाक्यात बोलून बघावं लागतं: “हा झारा स्वच्छ आहे.” घरी मराठी ऐकणारी मुलं पाचव्या वर्षी बहुतेक बरोबर सांगतात.

अडलं तर

मूल रंगावरून गट सतत चुकवत असेल, पण आकार आणि आकारमान अचूक लावत असेल, तर रंग ओळखण्यात अडचण आहे का ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलींपेक्षा मुलांमध्ये बरंच जास्त आढळतं, आणि असं मूल वर्षानुवर्षं ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खात राहतं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर लाल, हिरवे आणि तपकिरी चिमटे एकत्र करून बघा, नुसत्या लाल-निळ्यावरून कळणार नाही.

गाड्या किंवा ठोकळे ओळीत लावत बसणं बहुतेक मुलं करतात, तेवढ्यावरून घाबरू नका. त्यासोबत नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवून काही सांगत नाही, ओळ जराशी हलली तर तासभर शांत होत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मूल सगळ्या वस्तूंचा एकच मोठा ढीग करून “हे सगळं माझं” म्हणालं, तर तोही एका नियमाने झालेला गट आहे. दुसरी ताटली पुढे सरकवून विचारा, “आणि यातलं आजीचं काय?”